पत्ता मोठ्यानं वाचणाऱ्या अक्का

अक्का वेबसाइटचा पत्ता मोठ्यानं वाचायच्या. नवीन पान तयार झालं की खुर्ची मागे सरकवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पडद्यावरचा पत्ता भिंतीला ऐकवल्यासारखा म्हणायच्या, "कार्ड, तिरकी रेघ, एकशे चार, तिरकी रेघ, एकोणीसशे साठ." एका दमात वाचून झाला तर तो पत्ता पास. मध्ये प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह, टक्का असलं काही आलं की त्या थांबायच्या आणि मला म्हणायच्या, "मानेभाऊ, हा पत्ता हाय का भांडण हाय?"

सोलापुरात होटगी रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं सात. अक्का तिथल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली घरातल्या, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. मालक त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तेही त्यांना अक्काच म्हणत. मी आधी एका सूतगिरणीच्या भांडारात होतो. गिरणी बंद झाली आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी इथं तपासनीस म्हणून लागलो. प्रोग्राम लिहिता येत नाही, पण मोजता येतं. यादीप्रमाणे वस्तू आहे की नाही हे बघणं हेच माझं आयुष्यभराचं काम.

अक्कांची आणि माझी मैत्री मोजण्यावरूनच झाली. मी लागलो त्या महिन्यात एक साइट नव्या सर्व्हरवर हलवली. पहिलं पान उघडायचं, बाकी एकही नाही. दोन तरुण प्रोग्रामर दुपारपर्यंत डोकं लावून बसले होते. मी जुन्या आणि नव्या ठिकाणच्या फाइली मोजल्या. आठशे सत्तेचाळीस आणि आठशे सेहेचाळीस. अक्का उठून माझ्या टेबलाशी आल्या. हरवलेली फाइल नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली होती. अशी फाइल एकूण आकड्यात मोजली जाते पण नेहमीच्या यादीत दिसत नाही, म्हणून कॉपी करताना मागे राहिली होती. साइटवर येणारा कुठलाही पत्ता आधी मुख्य प्रोग्रामकडे पाठवण्याचं काम तिचं. "ऑफिसात एक तरी मोजणारा माणूस पाहिजे," अक्का म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी पाच वर्षं चाललो.

पत्ता मुख्य प्रोग्रामकडे आला की पुढं कुठं जायचं ते रूटच्या फाइलीत लिहिलेलं असतं. एका ओळीत एक प्रकारचा पत्ता आणि त्याला उत्तर देणारं पान. पीएचपी या प्रोग्रामच्या भाषेतल्या ज्या तयार चौकटीत आम्ही काम करतो, ती ही फाइल वरून खाली वाचते आणि जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिथं थांबते. खालच्या ओळी मग तिला दिसतच नाहीत. अक्का ही फाइल दुसऱ्या कुणाला लिहू देत नसत. लहानपणी आईबरोबर मागाशी बसून संपत आलेल्या ताण्याच्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा धागा त्या गाठ मारून जोडायच्या. "हजारात एक गाठ चुकली तर आई ओरडायची नाही. कापड उलगडून दाखवायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं," असं त्या सांगत.

आमच्याकडे एका धर्मादाय डायलिसिस केंद्राची साइट होती. केंद्र सोलापुरातच, पण रुग्ण बार्शी, कुर्डुवाडी, अक्कलकोट अशा लांबलांबच्या गावांतले. प्रत्येकाकडे एक छापील कार्ड. त्यावरचा चौकोनी कोड मोबाइलला दाखवला की त्या रुग्णाचं पान उघडायचं. पुढची पाळी कधी, किती वाजता, सगळं त्यावर. दोन वर्षांत लोकांना सवय लागली होती. रोज संध्याकाळी कार्ड बघायचं आणि पाळी असेल त्या सकाळी एसटी धरायची. फोन करायची, निरोप द्यायची पद्धतच उरली नव्हती.

गेल्या वर्षी ही साइट नव्या चौकटीत न्यायची ठरली. जुने पत्ते भांडणाचे, नवे सरळ, कार्डाचा नंबर आणि जन्मसाल. केंद्राच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की जुनी कार्डं रद्द करून नवी छापू. अक्कांनी ऐकलं नाही. "एकदा माणसाच्या हातात दिलेला पत्ता परत घ्यायचा नसतो, डॉक्टर. आपण घर बदललं, त्यांनी का धावायचं?" तीनशे बारा जुने पत्ते होते. प्रत्येक जुना पत्ता आपल्या नव्या पानावर गेला पाहिजे, अशा ओळी त्यांनी लिहिल्या.

डॉक्टरांची दुसरी एक अट मात्र त्यांना मानावी लागली. रुग्णाला 'पान सापडलं नाही' असं कधीच दिसता कामा नये, घाबरतात लोक. म्हणून फाइलीच्या तळाशी एक ओळ आली. वरच्या कशातच न बसणारा कुठलाही पत्ता आला तर केंद्राचं सर्वसाधारण पान दाखवायचं. त्यावर लिहिलेलं, 'केंद्र सुरू आहे. नेहमीच्या पाळीप्रमाणे यावे.' अक्कांना ते पटलं नव्हतं. "सापडलं नाही म्हणायला लाज कसली? खोटं हसण्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या, आणि ओळ लिहिली.

आता माझी गोष्ट. शनिवारी संध्याकाळी मी ती फाइल तपासायला घेतली. फाइलीच्या शेवटी, रुग्णांच्या भागात, सव्वीस ओळी, अक्कांनी गरजेप्रमाणे लिहिलेल्या. कार्ड वर, पाळी खाली, मध्येच सूचना. माझ्या यादीशी ताडून बघताना नजर सारखी खालीवर जात होती. मी त्या ओळी अक्षरक्रमानं लावल्या. लावल्याबरोबर दोन ओळी दुबार आलेल्या दिसल्या. मला फार समाधान वाटलं. भांडारातही मी आधी मांडणी करायचो, मग मोजायचो. अक्का आम्हाला नेहमी सांगत की ही फाइल वरून वाचली जाते. ते मला ठाऊक होतं. पण मी एकाही ओळीतलं अक्षर बदललं नव्हतं, नुसती मांडणी केली होती. मांडणीला अर्थ असतो हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुबार ओळी काढल्या, फाइल ठेवली आणि घरी गेलो. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही केलंय असं वाटलंच नाही.

'कुठलाही पत्ता' ही तळाची ओळ कंसानं सुरू होत होती. अक्षरक्रमात कंस अक्षरांच्या आधी येतो. ती ओळ रुग्णांच्या भागात सगळ्यांत वर जाऊन बसली होती.

रविवारी केंद्र बंद. अकरा वाजता अक्कांनी साइट हलवली आणि मला म्हणाल्या, "सगळे पत्ते तपासून मला फोन करा." त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता, एक वाजता त्या निघाल्या. आमच्याकडे एक छोटा प्रोग्राम आहे, तो एकेक पत्ता मागतो आणि पान आलं की दोनशे हा आकडा छापतो. त्यानं तीनशे बारा वेळा दोनशे छापलं. मी मुख्य पान, संपर्काचं पान, देणगीचं पान स्वतः उघडून पाहिलं. त्यांच्या ओळी फाइलीच्या वरच्या भागात होत्या, तिथं मी हात लावला नव्हता, म्हणून ती नीट दिसली. रुग्णांची कार्डं उघडणं मला बरं वाटेना. दुसऱ्याच्या दुखण्याचा कागद आपण का वाचावा?

मी फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"अक्का, तीनशे बारापैकी तीनशे बारा उघडले."

"काय उघडलं?"

"पान उघडलं."

"हां, बरं बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. मंगळवारी पाण्याच्या यंत्राची दुरुस्ती होती. म्हणून मंगळवारच्या अकरा जणांची पाळी सोमवारी दुपारी दोनला घेतली होती आणि तसं शनिवारी रात्रीच त्यांच्या कार्डावर चढवलं होतं. आता अक्कलकोटहून एक जण फोनवर विचारत होता, उद्या नेहमीच्या वेळेला येऊ ना? सिस्टर म्हणाली, आज दोनला या. तो म्हणाला, कार्डावर तर तसं काही न्हाई.

अक्कांनी फाइल उघडली. रुग्णांच्या भागातल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही कुणी लावली अशी?"

"मी. अक्षरक्रमानं."

त्या माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं. बघितलं नाही. कंसाची ओळ उचलली, तळाशी नेली, फाइल चढवली, एक कार्ड उघडून पाहिलं. दहा एकतीस. "सर्व्हर नीट झाला," त्या म्हणाल्या. "माणसं नाही झाली. काल संध्याकाळी बघून मोकळी झाली ती. आज परत कशाला बघतील?"

ही माणसं शनिवारी डायलिसिस करून गेली होती. मंगळवारी यंत्र बंद, पुढची पाळी गुरुवारी. ज्यांच्या अंगात पाणी साठतं त्यांना शनिवार ते गुरुवार म्हणजे काय, ते सिस्टरनं फोनवर एका वाक्यात सांगितलं होतं. ते वाक्य मी इथं लिहीत नाही. एका पाळीला चार तास लागतात, रात्री आठनंतर तंत्रज्ञ नसतो. म्हणजे चारच्या आत मशिनवर असायला हवं.

सिस्टर आणि आम्ही नंबर वाटून घेतले. पावणेबारापर्यंत दहा जणांना निरोप गेला. अकरावे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, बार्शीच्या पलीकडच्या गावचे. कार्डावर नंबर सुनेचा, आणि तो बंद. सर्व्हरच्या नोंदीत त्यांचं कार्ड रविवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी उघडलेलं दिसत होतं. त्यांनी बघितलं होतं. केंद्र सुरू आहे, नेहमीच्या पाळीप्रमाणे यावे.

अक्कांनी त्यांच्या गावच्या शाळेचा नंबर शोधून काढला. मुख्याध्यापक म्हणाले, "गुरुजी न्हवं का? सून रानात असंल. थांबा, माणूस पाठवतो." वीस मिनिटं गेली. ती मी घड्याळाकडे न बघता काढली. मला ते जमत नाही, पण त्या दिवशी जमलं. साडेबाराला उलट फोन आला. "ताई, गुरुजी घरी न्हाईत. सकाळच्या गाडीनं बार्शीला गेलेत, बँकेत. हयातीचा दाखला द्यायचाय."

बँकेचा फोन दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. अक्कांनी त्या माणसाला बाकावर बसलेल्या गुरुजींना शोधायला लावलं. मी समोर बसून ऐकत होतो, फोन मोठ्या आवाजावर होता.

"गुरुजी, डायलिसिसच्या कार्डाची साइट आमच्याकडं हाय. तुमची उद्याची पाळी आज दुपारी हाय. लगेच निघा."

"मी काल बघितलं की कार्डावर. तसं काही नव्हतं."

"कार्ड चुकीचं दाखवत होतं. आमच्या हातनं झालं."

"हे बघा ताई," गुरुजींचा आवाज वर्गातला, अजिबात घाई नसलेला. "बँकेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला फोन करून इकडं या, तिकडं जा म्हणणारे लई निघालेत. हितंच भिंतीवर बोर्ड लावलाय. दोन वर्षं मी कार्डावर चालतो. तुम्ही कोण, मला काय माहीत?"

मी माझ्या जागेवर उठून उभा राहिलो. अक्का बसूनच होत्या.

"बरोबर हाय, गुरुजी. माझ्यावर ठेवूच नका विश्वास. ज्या साहेबांनी फोन दिला त्यांच्या मोबाइलवर तुमचं कार्ड उघडा. मी पत्ता सांगते, तुम्ही त्यांना सांगा."

आणि त्यांनी पत्ता वाचला. केंद्राचं नाव एकेका अक्षरानं. मग "तिरकी रेघ, कार्ड, तिरकी रेघ, एकशे सतरा, तिरकी रेघ, एकोणीसशे एक्कावन्न." गुरुजी पलीकडे तेच परत म्हणत होते, पोरांकडून पाढा घोकून घेतल्यासारखं, आणि बँकेतला माणूस टाइप करत होता. एकदा त्यानं रेघ उलटी मारली. गुरुजींनीच त्याला खोडायला लावली.

पान उघडायला वेळ लागला. बँकेतला पंखा ऐकू येत होता.

"माझं नाव हाय," गुरुजी म्हणाले. "सोमवार. दुपारी दोन." मग म्हणाले, "आता एक वाजलाय."

"चारपर्यंत पोचा. सिस्टर मशीन धरून ठेवतील."

"दाखल्याचा अंगठा राहिलाय."

"अंगठा बुधवारी द्या."

त्यांनी फोन बँकेच्या माणसाला दिला. त्यानं, देव त्याचं भलं करो, त्यांना आपल्या मोटारसायकलवर स्टँडला सोडलं. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी गुरुजी केंद्रात पोचले आणि तीन पन्नासला मशीन सुरू झालं. सिस्टरनं तसं कळवल्यावर अक्का उठल्या, बेसिनवर तोंड धुतलं, परत येऊन बसल्या. सकाळपासून त्या पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. आम्ही कुणीच प्यायलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऑफिसात आले. चिडलेले होते आणि त्यांचं बरोबर होतं. मालकांनी विचारलं, कुणी केलं? मी म्हणालो, "ओळी मी हलवल्या." अक्का म्हणाल्या, "हलवल्या त्यांनी. पण कुणीही हलवाव्यात अशी फाइल मी ठेवली. वर एक ओळ लिहायला हवी होती की क्रम बदलू नका, ती लिहिली नाही. आणि काय उघडलं हे मी विचारलं, पण उत्तर ऐकलं नाही. बँड वाजत होता म्हणून सोडून दिलं." डॉक्टर म्हणाले, मला साखरपुड्याशी काय करायचंय. अक्का म्हणाल्या, "तेच सांगायलेय मी."

अक्कांनी मला कधी त्याबद्दल ऐकवलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी तपासणीचा प्रोग्राम बदलला. पान आलं की नाही एवढं बघून तो आता थांबत नाही, ज्याचा पत्ता त्याचंच पान आलं का हे बघतो. ते सर्वसाधारण पान त्यांनी काढून टाकलं. जागेवर लिहिलं, 'तुमचं कार्ड सापडलं नाही. या नंबरवर फोन करा.' डॉक्टरांनी या वेळी हरकत घेतली नाही. एक-दोनदा मला वाटलं, अक्कांनी चारचौघांत मला झापलं असतं तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी फक्त माझ्या शेजारी खुर्ची ओढली आणि उरलेल्या चोवीस ओळींपैकी प्रत्येक ओळ तिथंच का आहे, ते मला एका दुपारी समजावून सांगितलं.

मार्चमध्ये अक्का निवृत्त होऊन हैदराबादला मुलीकडे गेल्या. जाताना मालकांनी विचारलं, डायलिसिसची फाइल कुणाकडे द्यायची? दोन चांगले प्रोग्रामर समोर बसले होते. अक्कांनी माझं नाव घेतलं. मालक हसले, मग त्यांना कळलं की त्या हसत नाहीत. मी म्हणालो, "अक्का, मला भीती वाटते." त्या म्हणाल्या, "दिसतंय की. या दोघांना वाटत नाही, म्हणून त्यांना देत नाही." त्या सामान आवरायला लागल्या. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. केकचे मात्र दोन तुकडे खाल्ले.

परवा, मंगळवारी संध्याकाळी, त्यांचा फोन आला. नातवाच्या रडण्याचा आवाज येत होता, त्यामुळं सगळं थोडक्यात. माझ्या गुडघ्याचं विचारलं, ऑफिसचं विचारलं. मग म्हणाल्या, "गुरुजींची आजची पाळी झाली?"

"झाली. दोन वाजून दहा मिनिटांनी मशीन सुरू झालं."

"कार्डावर बघितलं?"

"नाही. केंद्रात जाऊन आलो. झोपले होते, उठवलं नाही."

पलीकडे अक्कांनी नातवाला कडेवर घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "बरं. ठेवा आता, पोरगं ऐकेना झालंय."